खुर्चीतून दिसणारा मामा

तीर्थस्वरूप ताई,

साष्टांग नमस्कार. आठही अंगं व्यवस्थित आहेत. जे बिघडलं आहे ते आठांत मोजत नाहीत, म्हणून त्याबद्दल पुढे लिहितो. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कटकट वाजतो का? वाजत असेल तर तुझ्या मुलीच्या कानावर घालू नकोस, ती रेकॉर्ड करायला येईल. दाजींचं ब्लडप्रेशर कितीवर आहे? त्यांना माझा निरोप दे की संध्याकाळच्या बातम्या आवाज बंद करून बघाव्यात. (हा सल्ला तुझ्या मुलीचा आहे. तिचं म्हणणं, बातम्यांत तसं काहीच घडत नसतं, ब्लडप्रेशर वाढवतो तो मागे वाजणारा ढोल. मी दोन दिवस करून पाहिलं. नुसती माणसं तोंड हलवताना दिसतात आणि आपल्याला झोप येते.)

तुझं पत्र येऊन पाच आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला त्याबद्दल रागावू नकोस. फोनवर सांगितलं असतं, पण या घरात हल्ली कोणत्या उशीखाली माइक असेल याचा भरवसा नाही. तू विचारलं होतंस की आमची भिंगरी तुमच्याकडे राहून नक्की काय करते, सिनेमाचं शिकून आलेल्या मुलीच्या पोटापाण्याचं काय, आणि त्यात काही दम नसेल तर मामा या नात्याने तू तिला बँकेच्या परीक्षेला बसायला तयार कर, कारण ती जगात फक्त तुझं ऐकते. ताई, ती माझं ऐकते हे खरं आहे. पण फारच ऐकते. मी चहा कसा भुरकतो ते ऐकते, कुलूप कसं लावतो ते ऐकते, आणि परवा तिने मला सांगितलं की मामा, तू जिना उतरताना डावा पाय घाबरत घाबरत टाकतोस. तेव्हापासून मला जिना उतरता येत नाही.

आता सगळं पहिल्यापासून सांगतो, कारण मधूनच सुरुवात केली तर मी ठार वेडा वाटेन. माझा दवाखाना तू पाहिला आहेस. बाहेर चार बाकं, मध्ये प्लायवूडचं पार्टिशन, आत खुर्ची आणि मी, बावीस वर्षं. काउंटरवर आमच्या बाई, त्याही एकोणीस वर्षं. (बाईंना मी नेमलं की बाईंनी मला ठेवून घेतलं, हे आता कोणी विचारत नाही.) सगळं सुरळीत चाललं होतं. आठ महिन्यांपूर्वी रस्त्याच्या बरोबर पलीकडे एका तरुण डॉक्टरीणबाईंनी दातांचाच दवाखाना थाटला. काचेचं दार, मऊ सोफे आणि भिंतीत एक भलीमोठी माशांची टाकी. ताई, बावीस वर्षं मी मन लावून, हात थरथरू न देता काम केलं आणि माझे पेशंट सहा माशांनी पळवले. दात दुखत नसतानाही लोक पलीकडे जाऊन बसायला लागले. मी बाईंना म्हटलं, आपणही मासे आणू. बाई म्हणाल्या, "आणा. पाणी कोण बदलणार?" तो विषय तिथेच बुडाला.

त्यात तुझी कन्या आली. सोबत दोन पेट्या आणि तिच्यापेक्षा लांब एक काठी, काठीच्या टोकाला राखाडी केसांचा झुबका. तो माइक आहे आणि केस वाऱ्याचा आवाज अडवण्यासाठी आहेत, हे तिने मला नीट समजावलं. बाईंना समजावायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी त्या काठीने दवाखान्यातली सगळी कोळिष्टकं काढली आणि म्हणाल्या, डॉक्टर, पहिल्यांदाच कामाची वस्तू आणलीत. मी धसकलो, पण भिंगरी ओरडली नाही. तिने कानाला हेडफोन लावले, माइक चालू केला आणि म्हणाली, "कोळी अजून आत आहे. चालतोय." आणि तासभर त्याचं चालणं ऐकत बसली. बँकेच्या परीक्षेबद्दल बोलण्याची हीच वेळ होती, पण माझी हिंमत झाली नाही.

तिच्याकडून दवाखान्यासाठी फिल्म करून घ्या, ही कल्पना तुझ्या भावजयीची. तिचा हेतू साधा होता: पोरीला काहीतरी काम द्या, नाहीतर ती माझ्या कुकरच्या मागे लागली आहे. (कुकरच्या शिट्टीआधी जी दोन क्षणांची गप्पगार शांतता असते ती भिंगरीला फार आवडली होती, आणि ती पुन्हा पुन्हा मिळावी म्हणून त्या आठवड्यात आम्ही चार वेळा बटाटे उकडले.) ठरलं असं की तीन मिनिटांची फिल्म करायची, ती बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीवर लावायची, आणि ती बघून पेशंटची भीती पळाली पाहिजे. नाव मीच दिलं: ‘हसत या, हसत जा’.

तिने कॅमेरा काढायच्या आधी दोन दिवस नुसती पाहणी केली. पहिला दिवस बाहेरच्या बाकावर डोळे मिटून बसली, दुसरा दिवस कानात कापूस घालून. (बाईंनी तिला दोन्ही दिवस नंबर दिला.) मग मला सांगितलं, "मामा, तुझ्याकडे भिंत नाही, पार्टिशन आहे. बाहेरच्याला आतलं काही दिसत नाही आणि सगळं ऐकू येतं. ट्रेचा खण्ण, नळ, तुझ्या सपाता, मग ते घूंऽऽ. डोळ्यांनी दिसलं तर माणूस एवढा घाबरत नाही. नुसतं ऐकू आलं की उरलेलं चित्र तो स्वतः काढतो, आणि तुझ्यापेक्षा खूप वाईट काढतो."

मी म्हटलं, अगं, बावीस वर्षं मी तेच आवाज ऐकतोय, मला काही होत नाही. त्यावर तिने मला माझ्याच खुर्चीत आडवं केलं. ताई, माझ्या खुर्चीत मी कधी झोपलोच नव्हतो. वर छताला एक ओल आलेली आहे, तिचा आकार हुबेहूब उघड्या जबड्यासारखा आहे, हे मला त्या दिवशी कळलं. मग भिंगरीने दिवा माझ्या तोंडावर फिरवला आणि वाकली. दिव्यामुळे तिचा चेहरा काळा पडला, फक्त कडा चमकत होत्या, आणि ती एवढीशी पोर, जिला मी आंघोळ घातली आहे, मला पाण्याच्या टाकीएवढी दिसायला लागली. मी म्हटलं, "कळलं, उठव." ती म्हणाली, "बघ. तू आडवा, मी उभी, एवढाच फरक आहे."

आता माझी चूक सांगतो. ती म्हणाली की फिल्म पेशंटच्या जागेवरून घेऊ, म्हणजे डॉक्टरला आपलं दुःख कळतं असं त्यांना वाटेल. आणि मी हो म्हटलं. तिने कॅमेरा खुर्चीच्या उशीला बांधला. याला लो अँगल म्हणतात. खालून बघितलं की माणूस मोठा दिसतो, असं तिने सांगितलं, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. ज्या माणसाला बँकेच्या काउंटरवर टाचा उंचावून सही करावी लागते त्याला कोणी फुकटात मोठं करत असेल तर तो नाही म्हणत नाही. मी केस विंचरून आलो. (जे आहेत ते.)

आवाजासाठी तिला आणखी एक गोष्ट हवी होती. यंत्राचा आवाज बाहेरून वेगळा येतो आणि स्वतःच्या डोक्याच्या आतून वेगळा येतो, तो आतला आवाज पाहिजे. त्यासाठी तिने शेंगदाण्याएवढा माइक हातमोज्याच्या बोटात गुंडाळला आणि माझ्या तोंडात ठेवायला निघाली. मला पहिल्यांदाच कोणीतरी "आ कर" म्हणालं. मी केला. तिने टॉर्च मारला आणि आणखी जवळ वाकली.

ही गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती, तुझ्या भावजयीलाही नाही. माझी डावीकडची खालची दाढ गेले सात महिने किडली आहे. मी उजवीकडून जेवतो. घरात सांगितलंय की वयोमानाप्रमाणे मऊ खावंसं वाटतं. मी दातांचा डॉक्टर आहे, मला ठाऊक आहे की त्या दाढेला काय करावं लागेल, आणि ठाऊक आहे म्हणूनच मी कोणाला हात लावू देत नव्हतो. पेशंटला निदान कल्पना नसते. भिंगरी एवढंच म्हणाली, "मामा, ही दाढ..." आणि मी घाईघाईने तोंड मिटलं. माइक आत होता. कडाडकन आवाज झाला. माइक वाचला. दाढेबद्दल आम्ही दोघंही काही बोललो नाही, पण हेडफोनमधला तो आवाज ऐकून तिचा चेहरा कुकरची शिट्टी ऐकल्यासारखा उजळला होता, हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

सोमवारी सकाळी दहा वाजता फिल्म लागली. मी आधी पाहिली नव्हती. (माणसाने नातेवाइकांवर किती विश्वास ठेवावा?) बाहेर पाच जण होते: एक निवृत्त फौजदार, गालफड सुजलेल्या एक शाळामास्तरीणबाई, एक व्यायामशाळेवाला, आणि एक आजोबा त्यांच्या सुनेबरोबर. आजोबांना अजिबात ऐकू येत नाही. मी दाराशी उभा राहून कौतुकाची वाट बघत होतो.

पडदा काळा. काहीच दिसत नाही. सपाता चालत येतात, चट, चट, चट, आणि थांबतात. नळाचा एक थेंब पडतो. मोठ्या वेळाने दुसरा. स्टीलवर स्टील, खण्ण. मग एकदम उजेड, छत, ती जबड्यासारखी ओल, आणि पडद्याच्या खालच्या कडेने हळूहळू एक टक्कल वर येतं. मी. तोंडाला मास्क, चष्म्याच्या काचांत दिवा, डोळे दिसतच नाहीत. माझा हात एवढा मोठा की त्यात छत मावेल. घूंऽऽ सुरू होतं, लांबून, जवळ येतं, आणखी जवळ, अगदी आपल्या कवटीत शिरतं आणि बंद पडतं. एकदम शांत. चार सेकंद काही नाही. आणि त्या शांततेत माझा आवाज येतो, जे वाक्य मी बावीस वर्षं प्रत्येकाला प्रेमाने म्हणत आलो आहे ते: "काही नाही होत." आणि मग कडाड.

व्यायामशाळेवाला दारातून गेला की खिडकीतून, याबद्दल बाईंचं आणि माझं एकमत नाही. मास्तरीणबाईंनी सुजलेला गाल धरून मला सांगितलं की आता खरंच पुष्कळ बरं वाटतंय. फौजदारांना बाईंनी आधीच गळ्यात कागदी लाळेरं बांधून तयार ठेवलं होतं, ते तसेच लाळेऱ्यासकट रस्त्याने गेले; बाजारपेठेतून, भर गर्दीतून, मागे वळून न बघता. सून आजोबांना ओढत होती, पण आजोबा उठेनात. ते पोट धरून हसत होते. त्यांना नुसतं चित्र दिसत होतं ना: एक टकला मनुष्य खालून वर येतो, हात हलवतो, डोकं हलवतो. "पुन्हा लावा," म्हणाले.

मी तणतणत भिंगरीकडे गेलो तर ती वहीत टिपणं काढत होती. "फौजदार एक मिनिट बावन्नाव्या सेकंदाला उठले," ती म्हणाली. "म्हणजे यंत्र सुरू असताना नाही, बंद पडल्यावर. मामा, ते शांततेला उठले!" एवढा आनंद मी तिला वर्गात पहिली आली होती तेव्हासुद्धा झालेला पाहिला नव्हता. मग माझं तोंड बघून म्हणाली की आजोबांवरून सिद्ध झालंय, चित्रात काही दोष नाही, सगळा घोळ आवाजाचा आहे, आवाज बदलते. तिने सगळे आवाज काढून टाकले आणि तिथे मंजुळ बासरी घातली. मंगळवारी लावली. ताई, तेच चित्र, तेच वाकणं, तोच हात, आणि मागे गोड बासरी. बाहेर एक सात-आठ वर्षांची मुलगी आईच्या मांडीवर बसली होती. तिने शांतपणे पूर्ण फिल्म बघितली आणि विचारलं, "आई, हे काका खूश का आहेत?" आई तिला उचलून घेऊन गेली.

त्यानंतर आमच्यात शब्दाला शब्द वाढला. मी म्हटलं, मला मोठं करू नकोस, लहान कर. आता बोलून गेलो. तिने शिडी आणली, हत्यारांच्या कपाटावर चढली आणि वरून, छताला पाठ लावून, पुन्हा सगळं चित्रण केलं. याला हाय अँगल म्हणतात. वरून बघितलं की माणूस कसा दिसतो? टक्कल, त्याखाली दोन खांदे, आणि चारही बाजूंना रिकामी फरशी. भलीमोठी खोली आणि मधोमध मी, सांडलेल्या गोळीसारखा. आवाजही तिने बारीक ठेवला, माझं "काही नाही होत" तर असं ऐकू यायचं जणू मीच कोणाची तरी माफी मागतोय. तुझ्या भावजयीने ती पाहिली आणि त्या दिवशी मला न मागता दोनदा वाढलं.

ती टीव्हीवर लावल्यावर भीती गेली, हे कबूल केलं पाहिजे. पेशंट यायला लागले. पण ताई, भीतीबरोबर सगळंच गेलं. एक जण खुर्चीत बसल्यावर मला म्हणाला, आधी वरची बघा, मग खालची, आणि घाई करू नका. दुसऱ्याला मध्येच फोन आला तर त्याने मला बोटाने थांबायची खूण केली आणि तोंडात नळी तशीच ठेवून बारा मिनिटं जागेचा व्यवहार बोलत राहिला. लाळेरं परत करायला फौजदार आले, त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "जमेल, जमेल तुम्हाला." बावीस वर्षं! आणि शुक्रवारी बाईंनी मला, मला, "अरे बाळा, ते बिल राहिलं" अशी हाक मारली. नंतर त्या ओशाळल्या, पण तोंडातून निघालं ते निघालं. एकदा टीव्हीवर माणूस छतावरून दाखवला की तो पुन्हा काही केल्या उंच होत नाही.

त्याच दुपारी माझी दाढ फुटली. दवाखान्यात डब्यातून काय खात होतो? उकडलेला बटाटा. (कुकर थांबला नव्हता.) कळ अशी गेली की मी टेबल धरून उभाच राहिलो, आणि तासाभरात गाल वर आला. भिंगरीने तुझ्या भावजयीला दवाखान्यात बोलावून घेतलं आणि खरं काय ते सांगून टाकलं. तुझी भावजय माझ्याकडे जशी बघत होती त्याला कोणता अँगल म्हणतात ते मला माहीत नाही, पण मी बराच खाली होतो. मी म्हटलं, गोळी घेतो, उतरेल. म्हटलं, माझा दवाखाना सोडून मी कुठे जाऊ? म्हटलं, समोर तर मुळीच नाही, लोक बघतील. तोपर्यंत बाईंनी शटर अर्धं ओढलं होतं आणि माझी चप्पल दाराशी आणून ठेवली होती.

रस्ता ओलांडताना भिंगरीने माझा दंड धरला होता. पलीकडे काचेचं दार उघडलं आणि बंद झालं, आणि ताई, रस्ता संपला. म्हणजे आवाज संपला. नुसता टाकीतला बुडबुडा. यंत्र कुठे आहे, कोणावर चाललंय, काही ऐकू येत नाही. मधे खरी भिंत आहे. सोफ्यावर बसून मी मासे बघितले. एक जाडा मासा काचेपाशी येऊन माझ्याकडे बघत सारखं तोंड उघडत होता, मिटत होता. मी सवयीने त्याची दाढ बघायचा प्रयत्न केला.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, मला बघून चपापल्या, पण चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. आत नेलं. आधी स्वतः एका बुटक्या स्टुलावर बसल्या, माझ्या नजरेला नजर येईल एवढ्या उंचीवर, आणि मग विचारलं, कधीपासून. मी म्हटलं, चार दिवस. भिंगरी खोकली. मी म्हटलं, सात महिने. मग खुर्ची मागे गेली, दिवा फिरला आणि त्या वाकल्या. तेच! काळा चेहरा, चमकत्या कडा, एवढा मोठा हात. मला सगळं पाठ होतं, मीच त्या सिनेमाचा नायक होतो, तरी माझे पाय आपोआप वर यायला लागले. त्या म्हणाल्या, "काही नाही होत." मी चिडून, अर्ध्या तोंडाने, विचारलं, "हे वाक्य कोणी शोधून काढलं?"

"तुम्हीच, सर," त्या म्हणाल्या. "मी आठ वर्षांची होते. तुम्ही माझा पहिला दात काढलात. त्या दिवशी मी ठरवलं, दातांची डॉक्टर व्हायचं."

मला, त्या अवस्थेतही, भरून आलं. मी म्हटलं, माझ्यामुळे?

"हो. म्हणजे परत कधी खुर्चीच्या त्या बाजूला जावं लागणार नाही."

मी भांडलो असतो, पण तोंडात कापूस होता. त्यांनी सांगितलं, सर, दुखलं किंवा नुसतं वाटलं की दुखेल, तरी डावा हात वर करा, मी थांबेन. हे मी पेशंटना कधी सांगितलं नाही. मी सांगायचो, हलू नका. यंत्र सुरू झालं. मी हात वर केला. यंत्र बंद झालं. अजून यंत्राने दाढेला स्पर्शही केला नव्हता. मला वाटलं योगायोग असेल, म्हणून पुन्हा केला. पुन्हा बंद. ताई, असं मी अकरा वेळा केलं. त्या बाई अकरा वेळा थांबल्या, एकदाही हसल्या नाहीत. बाराव्या वेळी माझा हात वर गेलाच नाही. गरज वाटली नाही. मी भिंगरीचा हात शोधत होतो, तर सापडेना. मला वाटलं बाहेर गेली असेल. गेली नव्हती. खुर्चीच्या हातापाशी जमिनीवर मांडी घालून बसली होती, कॅमेरा घेऊन.

तीन दिवसांनी तिने मला बोलावून फिल्म दाखवली. माझा चेहरा त्यात एकदाही नाही. डॉक्टरीणबाई फक्त खांद्यापर्यंत. कॅमेरा खुर्चीच्या हाताच्या बरोबरीला, ना वर ना खाली, आणि पडदाभर माझा पंजा. पंजा खुर्चीला घट्ट धरतो, बोटं पांढरी पडतात, आणि माझा श्वास ऐकू येतो, फॅक फॅक, सायकलच्या पंपासारखा. घूं सुरू होतं. हात वर जातो. शांत. हात खाली येतो. घूं. हात वर. शांत. असं होता होता लोकांच्या लक्षात येतं की यंत्र डॉक्टरच्या हातात नाहीच. ते त्या हाताच्या इशाऱ्यावर आहे. पाचव्या-सहाव्या वेळेला लोक हसायला लागतात. तीच शांतता, ज्या शांततेला फौजदार पळाले, तिला आता लोक सुस्कारा टाकतात. शेवटी पंजा सैल पडतो आणि माझा बोबडा आवाज येतो, "झालं?" मग पाटी येते: हा हात या दवाखान्याच्या डॉक्टरांचा आहे.

मी म्हटलं, ही पाटी काढ. ती म्हणाली, पाटी काढली तर फिल्म काढ. बाईंनी तिच्या बाजूने मत दिलं. लागली. आज तीन आठवडे झाले, बाहेरची चारही बाकं भरलेली असतात. मी एक बुटकं स्टूल आणलं आहे, आणि हाताचा नियम इकडेही सुरू केला आहे. कामाला दुप्पट वेळ लागतो, कारण लोक उगाचच हात वर करून बघतात, चालतं का ते. फौजदार तर रस्त्यापासूनच हात वर करून येतात. बाजारात लोकांना वाटतं ते शरण आले. पण आले. त्यांची दाढ परवा काढली. मास्तरीणबाईंचीही. कोणी मला बाळा म्हणत नाही आणि कोणी खिडकीतून जात नाही.

तेव्हा ताई, तू मला परीक्षक नेमलं होतंस, त्याचा निकाल ऐक. या विद्येवर पोट भरतं का, मला सांगता येणार नाही. पण आम्ही दोघं डॉक्टर समोरासमोर दोन दवाखाने चालवतो आणि माणूस खुर्चीत झोपल्यावर त्याला काय दिसतं, काय ऐकू येतं आणि कुठे थांबलेलं बरं वाटतं, हे त्या डॉक्टरीणबाईंना लहानपणी माझी जी भीती बसली तिने शिकवलं आणि मला तुझ्या मुलीने. तिला बँकेच्या परीक्षेला बसवू नकोस. ती तिथे गेली तर नोटा मोजायच्या यंत्राचा आवाज ऐकत बसेल आणि बँक बुडेल. दाजींना माझा नमस्कार. गुडघ्याला शेक दे.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. खरं म्हणजे हे सगळं पत्र पुढच्या चार ओळींसाठी लिहिलं आहे. दाढेचं काम एकाच बैठकीत होत नाही. पुढची बैठक मी तीनदा पुढे ढकलली, आता डॉक्टरीणबाई मला रस्त्यातून खुणा करतात. येत्या गुरुवारी सकाळी अकराला जायचं आहे. तुझी भावजय सुई बघितली की चक्कर येऊन पडते आणि भिंगरीचे दोन्ही हात कॅमेऱ्यात अडकलेले असतात. तू बुधवारीच आलीस तर बरं होईल. पंचावन्नाव्या वर्षी हे लिहायला लाज वाटते, पण लिहिलं.

ता. क. २. भिंगरीला यातलं काही माहीत नाही. तू सहज म्हणून आलीस असं सांग. नाहीतर ती आपल्या दोघांना कॅमेऱ्यात घेऊन बसेल.

ता. क. ३. तिला माहीत आहे. मी पत्र लिहिताना प्रत्येक शब्द पुटपुटतो, हे मला आत्ता कळलं. ती पलीकडच्या खोलीत हेडफोन लावून बसली होती. तिचा निरोप असा की तू खुर्चीच्या उजव्या बाजूला उभी राहायचंस, कारण खिडकी डावीकडे आहे, आणि हातातल्या बांगड्या काढून यायचंस, माइकमध्ये फार किणकिणतात. तिचं ऐकू नकोस. घालूनच ये. मी डोळे गच्च मिटून घेणार आहे, तू आहेस हे मला कळायला पाहिजे.